रेक्स नॉस्केचा खरा आकडा

नोलीन डफील्डने चौतीस वर्षं मोठ्या माणसांना चालायला शिकवलं. त्यातल्या शेवटच्या अकरा वर्षांत तिने ज्यांना चालवलं, त्यांच्या हाताला नाडी लागत नव्हती.

मेलबर्नच्या एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, चादरी धुण्याच्या खोलीला लागून, तिची व्यायामाची खोली होती. तीन ट्रेडमिल, चार सायकली आणि एक खिडकी. खिडकीतून ट्रामच्या तारा दिसायच्या आणि मेलबर्नचं ते रडकं आभाळ. इथे येणाऱ्यांचं हृदय थकून गेलेलं असायचं. छातीत, हृदयाच्या टोकाला लहान संत्र्याएवढा पंप बसवलेला, त्याची वायर पोटातून बाहेर काढलेली, ती कमरेच्या डबीला जोडलेली आणि डबी खांद्यावरच्या पिशवीतल्या दोन बॅटऱ्यांना. हा पंप रक्त सतत ढकलत राहतो, ठोके देत नाही. म्हणून मनगट धरून कितीही वेळ बसलात तरी बोटाला काही लागत नाही. नव्याने आलेल्या नर्सा पहिल्या दिवशी हमखास घाबरतात. नोलीन त्यांना म्हणायची, "बोलतोय ना? मग जिवंत आहे. चल पुढे."

साध्या हृदयरोग्याला व्यायाम देताना ठोके मोजता येतात. एवढे झाले की थांब, एवढे झाले की अजून चाल. इथे ठोकेच नाहीत. रक्तदाबाचं यंत्र दोनदा फुगतं आणि चूक दाखवून बंद पडतं. मग उरतात दोनच गोष्टी. एक म्हणजे भिंतीवरचा तक्ता, सहापासून वीसपर्यंत आकड्यांचा. सहा म्हणजे आरामात बसलोय, वीस म्हणजे आता जीव जातो. रोग्याने चालता चालता आकडा सांगायचा. अकरा ते तेरा असेल तर ठीक, पंधराच्या वर गेला की थांबवायचं. दुसरी गोष्ट म्हणजे बोलणं. चालताना पूर्ण वाक्य बोलता येतंय तोवर माणूस सुखरूप आहे, शब्द तुटायला लागले की दम संपलाय. एवढ्या महागड्या पंपाची सगळी देखरेख शेवटी रोग्याच्या तोंडावर येऊन ठेपते. आणि आमच्या मॅलीच्या माणसाला देवाने तोंड दिलंय ते चहा प्यायला.

मॅली म्हणजे मेलबर्नपासून गाडीने चार तास वायव्येला, गव्हाचा आणि लाल मातीचा कोरडा मुलूख. नोलीन तिथलीच. आमच्याकडे "बरंय" हा एकच शब्द सगळ्यावर चालतो. पीक जळालं, कसं काय? बरंय. बायको गेली, कसं काय? बरंय. नोलीनचा बाप छातीत कळ आल्यावर तीस किलोमीटर स्वतः गाडी चालवत तालुक्याच्या हॉस्पिटलात गेला. गाडी नीट पांढऱ्या पट्ट्यांच्या मध्ये लावली, टोपी खुंटीला अडकवली, नर्सला म्हणाला, "आज जरा बरं नाही," आणि खुर्चीत बसल्या बसल्या गेला. गावात ही गोष्ट अजून अभिमानाने सांगतात. नोलीनला ती ऐकली की डोकं सणकतं. तिच्या मते ती कर्तबगारी नव्हती, निव्वळ मूर्खपणा होता. सतरा वर्षांची पोर, म्हणजे ती स्वतः, वीस मिनिटं आधी घरात त्याच्यासमोर उभी होती, आणि तिला तो म्हणाला होता, "जरा जाऊन येतो."

तर नोलीनला वाटायचं, ह्या माणसांची भाषा आपल्याइतकी कुणाला कळत नाही. त्यात फारसं खोटंही नव्हतं. तिने स्वतःचा नियम केला होता. शहरातल्या रोग्याने आकडा सांगितला की मनात एक मिळवायचा. मॅलीच्या किंवा कुठल्याही खेड्यातल्या पुरुषाने सांगितला की तीन मिळवायचे. आणि कीरियाकोससारख्या ग्रीकाने सांगितला की चार वजा करायचे. कीरियाकोस पंपाचा जुना रोगी, तळलेल्या माशांचं दुकान चालवून निवृत्त झालेला, सायकलवर बसल्या क्षणी "अठरा! नोलीन, अठरा! माझ्या बहिणीला फोन कर!" असं ओरडणारा. तोंड त्याचं सायकलच्या पायडलपेक्षा जोरात चालायचं. तो जोवर बडबडतोय तोवर नोलीन त्याच्याकडे पाठ करून निवांत उभी राहायची.

रेक्स नॉस्के एप्रिलमध्ये आला. वय एकसष्ट, गाव मॅलीतलं, सी लेकच्याही पलीकडचं. फेब्रुवारीत पंप बसवलेला, आणि अंगावर कपडे असे लोंबत होते की जणू थोरल्या भावाचे घातलेत. बरोबर बायको ग्लेनिस, ठेंगणी, गोरीपान, हातात बॅटऱ्यांची जादा पिशवी छातीशी धरलेली. दोघांना हॉस्पिटलच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या मिळाल्या होत्या. घरी जायची परवानगी नव्हती.

"कसं वाटतंय?" नोलीनने विचारलं.

"बरंय."

"दुखतंय कुठे?"

"नाही तसं."

ट्रेडमिल सुरू केली, तीन मिनिटांत शर्ट घामाने पाठीला चिकटला. "आकडा?"

"नऊ."

नोलीनने बारा लिहिला आणि गालातल्या गालात हसली. तिला आपला बाप भेटल्यासारखं वाटलं.

रेक्सचा धंदा पंपांचा. शेतातले, विहिरीवरचे, गुरांच्या टाकीचे, पवनचक्कीखालचे, त्या सगळ्या टापूतला एकही पंप त्याने उघडला नाही असं नव्हतं. घरामागे पत्र्याची शेड, तिथे चाळीस वर्षं त्याने पंप दुरुस्त केले. दुसऱ्या आठवड्यात त्याने आपण होऊन तोंड उघडलं ते छातीतल्या पंपाबद्दल.

"किती फेरे?"

"मिनिटाला पाच हजार चारशे," नोलीन म्हणाली.

"बेअरिंग कसलं?"

"बेअरिंग नाही. आतलं चाक चुंबकावर तरंगतं. कशाला टेकत नाही."

रेक्स बराच वेळ चालत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे ग्रीस नको," आणि त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा कौतुक दिसलं. त्या महिन्यात त्याने याहून जास्त काही म्हटलं नाही.

सगळ्यांची नजर एकाच गोष्टीवर होती. पंप हा कायमचा इलाज नव्हे, नवीन हृदय मिळेपर्यंतचा आधार. नवीन हृदयासाठी यादीत नाव लागावं लागतं. यादीत कोण हे दर गुरुवारी डॉक्टरांच्या बैठकीत ठरतं, आणि त्या बैठकीत नोलीनचा कागदही जातो. माणूस सहा मिनिटांत किती चालतो, कितपत दमतो, एवढं मोठं ऑपरेशन त्याला झेपेल का. दुबळ्या माणसाला नवीन हृदय देत नाहीत, कारण तो टेबलावरच जातो आणि हृदयही वाया जातं. हे रेक्सला पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं, त्याने मान हलवली होती.

त्याने मेहनत केली, नाही असं नाही. एप्रिलमध्ये सहा मिनिटांत एकशे नव्वद मीटर, मेमध्ये दोनशे साठ, जूनमध्ये तीनशे चाळीस. कॉरिडॉरमध्ये तीस मीटरवर दोन नारंगी शंकू ठेवलेले, त्यांच्यामधून तो मान खाली घालून येरझाऱ्या घालायचा, आणि ग्लेनिस भिंतीला टेकून ओठांतल्या ओठांत मोजायची. जुलैमध्ये चारशे पाच मीटर झाले. त्याच महिन्यातल्या दुसऱ्या गुरुवारी त्याचं नाव यादीत गेलं. ग्लेनिसने केक करून आणला. कीरियाकोसने दोन तुकडे खाल्ले आणि रेक्सला मिठी मारायला गेला, तेव्हा रेक्स असा अवघडून उभा राहिला की नोलीनला हसू आवरेना.

आता फोन कधीही वाजू शकत होता. रेक्स तो शर्टाच्या खिशात ठेवायचा, ट्रेडमिलवरसुद्धा.

ऑगस्टमध्ये तो अधिकच गप्प झाला. आकडा विचारला की "अकरा." परवाही अकरा, आजही अकरा. नोलीन चौदा लिहायची. चौदा म्हणजे थोडं जास्तच, पण ठीक, अंतर तर चारशेच्या आसपास टिकून होतं. बुटांच्या नाड्या सोडलेल्या दिसल्या तेव्हा तिने विचारलं. "नवे आहेत, चावतात," तो म्हणाला. तिने खाली वाकून बघितलं नाही. मॅलीच्या माणसाच्या पायाला हात लावला तर तो पुढच्या वेळी येणारच नाही, हे तिला माहीत होतं. आणि गप्प राहण्याचं म्हणाल तर, तिला त्यात काही वेगळं दिसलंच नाही. खरं सांगायचं तर तिला ते आवडायचं. दिवसभर कीरियाकोसची टकळी ऐकून कान किटलेले असताना शेजारी एक माणूस काही न बोलता चालतोय, हे तिला घरच्यासारखं वाटायचं.

महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारची गोष्ट. रेक्स ट्रेडमिलवर, कीरियाकोस शेजारच्या सायकलवर, नोलीन टेबलाशी कागद भरत होती. कीरियाकोस आपल्या पुतणीच्या लग्नातल्या मेंढीची कथा सांगत होता आणि मधेच थांबला. एकदम शांतता. नोलीनचा पेन हातातच राहिला. ती दोन ढांगांत त्याच्यापाशी पोचली, सायकल थांबवली, त्याच्या कमरेच्या डबीवरचे आकडे वाचले.

"काय होतंय? छातीत? चक्कर?"

"काही नाही गं बाई," कीरियाकोस म्हणाला. "मेंढी कुणी आणली ते आठवत नव्हतं."

ती मटकन शेजारच्या सायकलवर बसली. कीरियाकोसला आधी हसू आलं आणि मग रेक्सकडे बघून ते मावळलं.

"मी अर्धा मिनिट गप्प बसलो तर तू धावत आलीस," तो म्हणाला. "हा महिनाभर गप्प आहे. ह्याला कोण विचारतं?"

"तो तसाच आहे."

"तसाच नव्हता. जुलैमध्ये मला माझ्या दुकानातल्या फ्रीजरच्या पंपावरून वीस मिनिटं शिकवत होता."

नोलीनने मान वळवून पाहिलं. तिच्या मते ती रोज बघत होती. रेक्सच्या हाताची बोटं दांड्यावर पांढरी पडली होती, ओठांना राखेचा रंग होता, आणि मान खाली होती ती नम्रपणाने नव्हे, श्वास घेण्यासाठी होती. तिने ट्रेडमिलचा वेग अगदी कमी केला आणि आवाज साधा ठेवला.

"रेक्स, घरून मेलबर्नला येताना रस्त्यात कुठली कुठली गावं लागतात, सांग बघू."

मॅलीच्या पोराला पाढे येणार नाहीत पण ही गावं येतात. गाडीत मागे बसून लहानपणापासून म्हटलेली असतात.

"सी लेक," रेक्स म्हणाला. "बेरीविलॉक." तो थांबला. "कल्गोआ." त्यापुढचं नलविल त्याच्या तोंडात आलं आणि आवाज फुटलाच नाही. चौथं गाव. मेलबर्न अजून जवळजवळ तीनशे किलोमीटर दूर होतं.

तिने मशीन बंद केलं. त्याला खुर्चीत बसवून ती समोर गुडघ्यांवर बसली, बूट काढले. घोटे सुजून नाहीसे झाले होते. बोट दाबलं तर खड्डा तसाच राहिला.

"आकडा?"

"अकरा."

ती काही न बोलता त्याच्याकडे बघत राहिली. हे तिला तिच्या आईकडून आलं होतं.

"सतरा," रेक्स म्हणाला. "तीन आठवडे झाले."

ग्लेनिसला बोलावलं तेव्हा ती दारातच उभी राहिली. "मला वाटलं आपला संघ हरतोय म्हणून," ती म्हणाली. "शनिवारी रेडिओवर मॅच लागली की हा पंचाला इतक्या शिव्या देतो, मी खिडक्या लावून घेते. गेले तीन शनिवार तोंडातून चकार शब्द नाही. मला वाटलं, हरतायत, काय बोलणार." मग तिने रुमाल काढला. अंगात पाणी साचतंय का ते कळावं म्हणून पंपाच्या रोग्याला रोज वजन लिहावं लागतं, ती वही तिच्याच पिशवीत होती. त्यात रेक्सने रोज सकाळी आपल्या हाताने एकच वजन लिहिलं होतं, चौऱ्याऐंशी. हॉस्पिटलच्या काट्यावर त्र्याण्णव भरलं.

पंप हृदयाच्या डाव्या बाजूला असतो. उजवी बाजू रक्त फुप्फुसांतून त्याच्यापर्यंत आणून देते, आणि ते काम तिला स्वतःच करावं लागतं. रेक्सच्या हृदयाची उजवी बाजू बसत चालली होती. पाणी साचून साचून यकृत आणि मूत्रपिंडं दोन्ही खराब झाली होती. त्याला वॉर्डात ठेवलं, सलाईनमधून औषधं दोन आठवडे चालू राहिली. सूज उतरली, पण मूत्रपिंडं काही सावरली नाहीत. हृदयाच्या डॉक्टर ऑल्डर्टनबाई कमी बोलणाऱ्या आणि सरळ होत्या. नोलीनला त्या जिन्यात भेटल्या.

"तीन आठवडे आधी कळलं असतं तर हाताशी काही होतं," त्या म्हणाल्या. "आता त्याला टेबलावर घेता येणार नाही."

त्यांनी दोष दिला नव्हता. द्यायचाच तर तो नोलीनने कधीच स्वतःला देऊन टाकला होता. सप्टेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी रेक्स नॉस्केचं नाव यादीतून काढलं.

ती वॉर्डात त्याला भेटायला गेली. तो खिडकीशी बसला होता, गुडघ्यांवर घोंगडी, मांडीवर कमरेची डबी.

"पंप बरा आहे," तो तिला बघून म्हणाला. "विहीर आटली. पंपाला दोष देण्यात अर्थ नाही. वरून पाणीच येत नाही तर तो काय ढकलणार."

"तुला कधी कळलं?"

"डबीवर प्रवाहाचा आकडा येतो ना. ऑगस्टच्या सुरुवातीला रोज जरासा खाली यायला लागला, गजर वाजण्याइतका नाही. फेरे तेच, पाणी कमी. चाळीस वर्षं हेच बघितलंय मी."

"आणि बोलला नाहीस." तिचा आवाज चढला, शेजारच्या पलंगावरच्या माणसाने वर्तमानपत्र खाली केलं. "गाढवा, तुझ्या तोंडाला काय झालं होतं?"

"यादीत नाव होतं," रेक्स म्हणाला. "सतरा म्हटलं असतं तर काढलं असतं."

"औषध दिलं असतं. पुन्हा घातलं असतं."

"घातलं असतं?"

कदाचित घातलं असतं, कदाचित नाही. तिने खुर्ची ओढली आणि बसली.

"मी दर वेळी विचारत होते तुला."

"आकडा विचारत होतीस. मी आकडा देत होतो." तो जरा थांबला, दम घेतला. "तू वाढवून लिहितेस ते दिसायचं मला. कागद उलटा असला तरी वाचता येतो. म्हणून मग मी अजून कमी सांगायचो."

नोलीनला त्या क्षणी इतकी लाज वाटली की चेहरा कानापर्यंत तापला. आपण ह्या माणसांची भाषा जाणतो असा तिचा तोरा होता. कीरियाकोस गप्प झाला तर ती धावली, कारण ग्रीक माणूस गप्प झाला म्हणजे काहीतरी बिघडलंय. आपला माणूस गप्प झाला तर तिला वाटलं, आपलाच आहे. बाप उंबरठ्यात उभा राहून "जरा जाऊन येतो" म्हणाला तेव्हा तिला जे ऐकू आलं नव्हतं, तेच चाळीस वर्षांनी, पगार घेऊन, भिंतीवर तक्ता लावूनही ऐकू आलं नाही. परक्या मुलखातली कुणीही पोरगी असती तर तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं असतं, हा का बोलत नाही म्हणून.

"आता काय करायचं?" तिने विचारलं. असं ती रोग्याला कधी विचारत नसे, रोगीच तिला विचारायचे.

रेक्सने खिडकीबाहेर पाहिलं. खाली ट्राम वळत होती. "घरी जायचंय. डॉक्टर म्हणतात, आता हरकत नाही."

"आणि?"

"शेडपर्यंत चालत जायचंय. एकशे चाळीस मीटर आहे घरापासून. तेवढं करून दे."

हे काम तिला जमण्यासारखं होतं, आणि तिने ते जीव ओतून केलं. रोज सकाळी त्याच कॉरिडॉरमध्ये, त्याच नारंगी शंकूंमध्ये. पहिल्या दिवशी तो बारा मीटर चालला. ती चाकाची खुर्ची घेऊन मागून यायची. थांबायचं कधी हे आता दम लागण्याआधी ठरवायचं, भिंतीला टेकायचं कसं, ओठ आवळून श्वास कसा सोडायचा, बॅटऱ्यांची पिशवी पोटाशी न ठेवता पाठीवर कशी टाकायची, सगळं तिने शिकवलं. दर दहा मीटरवर ती त्याला एक गाव म्हणायला लावायची, आणि आता ती पाठ न वळवता ऐकायची. आकडा विचारला की तो खराच सांगायचा. "पंधरा. थांबतो." तिला त्याचा अभिमानही वाटायचा आणि वाईटही वाटायचं, कारण आता त्या खरेपणाचा कुणाला काही उपयोग नव्हता. अंतर संपलं की तो खुर्चीत बसायचा आणि ती त्याला ढकलत वॉर्डात परत न्यायची. ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात एकशे चाळीस मीटर झाले, दोन विसाव्यांसह. ग्लेनिसने टाळ्या वाजवल्या नाहीत, नुसते बॅटऱ्यांचे पट्टे सरळ केले.

जाताना रेक्सने नोलीनशी हात मिळवला आणि जरा जास्त वेळ धरून ठेवला. "बरं शिकवलंस," तो म्हणाला. सी लेकच्या बाजूला ह्याहून मोठी शाबासकी कुणी कुणाला दिलेली नाही.

ग्लेनिसचा फोन नोव्हेंबरमध्ये आला, गुरुवारी, सकाळी दहाच्या सुमाराला. तिकडे गव्हाची कापणी चालू होती. फोनमध्ये लांबून यंत्रांची घरघर ऐकू येत होती.

"पोचला तो," ग्लेनिस म्हणाली. "दोनदा थांबला, तू सांगितलंस तसंच. आपल्या बाकावर जाऊन बसला. एक जुना पंप होता शिकंज्यात लावलेला, फेब्रुवारीपासून तसाच, त्यावरनं हात फिरवला."

"छान झालं," नोलीन म्हणाली, आणि तिला खरंच बरं वाटलं. "कधी?"

"मंगळवारी."

"मग आता कसा आहे?"

"तिथेच आहे."

नोलीनने फोन दुसऱ्या कानाला लावला. "तिथेच म्हणजे?"

"शेडमध्येच गं. मंगळवारपासून. संध्याकाळी चाकाची खुर्ची घेऊन गेले तर म्हणाला, घेऊन जा परत. बुधवारी भाऊ आला माझा, त्याच्यावर डोळे वटारले. मग आम्ही पलंग नेला तिकडे. बॅटऱ्या मी नेते-आणते. जेवत नाही, चहा घेतो दोन घोट." तिचा आवाज बारीक झाला. "रागावलेला नाही. छान बसलाय. दार उघडं ठेवायला सांगतो, माणसं येतात-जातात, बघतो त्यांच्याकडे. मी म्हटलं, अरे घरी चल, इथे काय पत्र्याखाली. तर म्हणतो, नोलीनने मला इथपर्यंतच शिकवलंय."

नोलीनने खोलीचं दार लावून घेतलं.

"मला एक सांग," ग्लेनिस म्हणाली. "घर ते शेड एकशे चाळीस. जाऊन येऊन दोनशे ऐंशी होतात. तो तुला किती म्हणाला होता?"

"एकशे चाळीस."

"तेवढंच?"

"तेवढंच."

कॉरिडॉरमध्ये पाच आठवडे ती त्याच्या मागून चालली होती. रोज तो एका बाजूला चालला होता आणि रोज तिने त्याला परत ढकलत आणलं होतं. परत यायचं कसं, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं, तिनेही नाही. ह्या खेपेला त्याने आकडा अगदी खरा सांगितला होता, आणि ह्या खेपेला तिने त्यात काही मिळवलं नव्हतं.

"तू त्याला सांगून बघशील?" ग्लेनिस म्हणाली. "तुझं ऐकेल तो. नाहीतर भाऊ आणि मी मिळून उचलून आणतो. हलका झालाय आता."

नोलीनला रडू येत होतं आणि ते तिने आवरलंही नाही, पण बोलताना तिने शब्द तुटू दिले नाहीत.

"उचलू नकोस, ग्लेनिस. राहू दे त्याला तिथे. शेडमध्ये प्लग आहे ना?"

"आहे."

"मग चार्जर तिकडेच ने. तुझे हेलपाटे वाचतील. आणि स्वतःसाठी एक खुर्ची ने."